इमॅक्स डीमन म्हणून चालवताना फ्रेम आणि विंडो यांची व्यवस्था कशी लावावी?

मूळ लेखन : अक्षरवेल

लॉगिन होताच इमॅक्स हा मजकूर-संपादक डीमन म्हणून, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारी प्रक्रिया म्हणून, सुरू व्हावा, अशी व्यवस्था मी सिस्टिमडीच्या (लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) वापरकर्ता-सेवेद्वारे केली आहे. तिचा मुख्य लाभ स्पष्ट आहे. मांडणीची (इमॅक्सच्या सेटिंगची) मोठी फाइल एकदाच वाचली जाते, पुढची प्रत्येक फ्रेम क्षणात उघडते, आणि टर्मिनलमधून उघडलेली फाइल व चित्रमय फ्रेममधून उघडलेली फाइल एकाच बफरात (इमॅक्सच्या स्मृतीतील मजकुराच्या प्रतीत) राहते. मात्र खिडक्यांचे वर्तन अजून माझ्या हाती आलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

गोंधळ टळावा म्हणून पुढे मी इमॅक्सचीच परिभाषा वापरतो: कार्यप्रणालीची खिडकी म्हणजे फ्रेम, आणि त्या फ्रेमच्या आतला एकेक विभाग म्हणजे विंडो.

पहिली अडचण अशी की, टर्मिनलमध्ये गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) नोंद लिहायला घेतली की तो मजकूर, मी ज्या विंडोत काही वाचत असतो, नेमका तिथेच येऊन बसतो. दुसरी अडचण फ्रेम बंद करण्याची आहे. कंट्रोल-एक्स कंट्रोल-सी दाबल्यावर कधी एकच फ्रेम जाते, तर कधी तिच्यासोबत दुसरीही जाते, आणि जाताना विंडोंची मांडणी पुसली जाते. तिसरी अडचण म्हणजे मांडणीच्या फाइलमध्ये दिलेला फाँट आणि फ्रेमचा आकार डीमनमधून उघडलेल्या फ्रेमला लागू होत नाही. इमॅक्स स्वतंत्रपणे सुरू केला तर मात्र तीच फाइल व्यवस्थित चालते. शेवटची अडचण दोन पडद्यांची आहे. कंपाइलेशनचा (प्रोग्राम बांधतानाचे संदेश दाखवणारा) बफर दुसऱ्या पडद्यावरील फ्रेममध्ये आधीच समोर असतो, तरीही इमॅक्स त्याच्यासाठी चालू फ्रेमचे पुन्हा दोन तुकडे करतो.

जाणकारांनी केवळ ओळी न देता त्यांमागची कारणेही सांगावीत, अशी विनंती आहे.

प्रतिसाद : सूत्रपाठ

कारणे विचारलीत हे उत्तम केलेत, कारण या चारही अडचणींचे मूळ जवळपास एकाच ठिकाणी आहे. बफर, प्रक्रिया, इतिहास आणि चलांची मूल्ये यांची मालकी डीमनकडे असते. विंडोंची मांडणी मात्र फ्रेमच्या मालकीची असते, आणि फ्रेम गेली की तीही जाते. इमॅक्स डीमनशिवाय एकटा चालवताना हा भेद जाणवत नाही, कारण तिथे फ्रेम आणि प्रक्रिया यांचे आयुष्य बहुधा सारखेच असते. डीमनमध्ये प्रक्रिया आठवडेच्या आठवडे जगते आणि फ्रेम दोन मिनिटांत जन्मून संपते. म्हणून कोणती फ्रेम दीर्घायुषी आणि कोणती अल्पायुषी हे वापरणाऱ्याने आधी ठरवावे लागते. इमॅक्स ते आपणहून ठरवत नाही.

आता फ्रेम बंद होण्याचा प्रश्न. इमॅक्सक्लायंटला (डीमनशी जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) ‘-सी’ पर्याय दिला की नवी फ्रेम बनते आणि टर्मिनलमधला क्लायंट तुमचे काम संपण्याची वाट पाहत थांबतो. त्या फ्रेमवर त्या क्लायंटची खूण असते. या फ्रेममधून तुम्ही कंट्रोल-एक्स ५ २ करून दुसरी फ्रेम काढलीत, तर ती खूण वारशाने नव्या फ्रेमकडेही जाते. मग कोणत्याही एका फ्रेममध्ये कंट्रोल-एक्स कंट्रोल-सी दाबले की इमॅक्स तो क्लायंटच संपवतो आणि त्याची खूण असलेल्या सर्व फ्रेम एकदम मिटतात. तुम्हाला जे कधी एक, कधी दोन असे अनिश्चित वाटते आहे, ते प्रत्यक्षात अगदी नियमबद्ध आहे.

‘-सी’सोबत ‘-एन’ दिलात तर क्लायंट लगेच परततो. फ्रेमवर खूण राहते, पण ती कुणीही वाट पाहत नसल्याची असते, आणि कंट्रोल-एक्स कंट्रोल-सी केवळ समोरचीच फ्रेम मिटवते. म्हणून दिवसभर उघडी ठेवायची फ्रेम नेहमी ‘-एन -सी’ देऊन उघडावी. गिटसारखा प्रोग्राम जेव्हा तुमच्या उत्तरासाठी खोळंबलेला असतो, तेव्हा मात्र ‘-एन’ देऊ नये. दिल्यास गिटला वाटते की संपादन संपले, आणि नोंद रिकामी समजून तो माघार घेतो. तिथे एकटा ‘-सी’ योग्य ठरतो. मजकूर लिहून झाला की फाइल जतन करून कंट्रोल-एक्स आणि हॅश ही जोडी दाबावी. काम संपल्याचे क्लायंटला कळते आणि त्याच्यासाठी बनलेली फ्रेमही आपोआप मिटते.

तुमची पहिली अडचण ‘-सी’ न दिल्यामुळे उद्भवते. ‘-सी’ नसेल तर इमॅक्स उघडी असलेली फ्रेम घेतो आणि तिच्यातील निवडलेल्या विंडोतच नवा बफर ठेवतो. हे कुठे घडावे ते ‘सर्व्हर-विंडो’ हे चल ठरवते. त्याचे मूळ मूल्य रिकामे असते, म्हणजे निवडलेली विंडो वापरली जाते; त्यात एखादी विंडो, एखादी फ्रेम किंवा स्वतःचे फंक्शन ठेवता येते. तरीही गिटच्या नोंदीसाठी स्वतंत्र, अल्पायुषी फ्रेम हाच मार्ग मला अधिक स्वच्छ वाटतो, कारण त्यात वाचनाच्या फ्रेमला कुणाचा हातच लागत नाही.

प्रतिसाद : कळफलक

फाँटविषयी लिहितो. डीमन मांडणीची फाइल वाचतो तेव्हा एकही चित्रमय फ्रेम अस्तित्वात नसते. त्या क्षणी ‘आत्ताच्या फ्रेमचा फाँट बदल’ असे सांगणारी ओळ कुणालाच लागू होत नाही, आणि ‘पडदा चित्रमय आहे का’ या प्रश्नाचे उत्तर नाही असेच येते, म्हणून त्या अटीखालच्या सर्व ओळी वगळल्या जातात. जे गुण प्रत्येक नव्या फ्रेमला हवेत, म्हणजे फाँट, रुंदी, उंची, पट्ट्या दिसाव्यात की नाही, ते ‘डिफॉल्ट-फ्रेम-अॅलिस्ट’मध्ये ठेवावेत. ‘इनिशियल-फ्रेम-अॅलिस्ट’वर विसंबू नये, ती यादी इमॅक्सच्या आरंभीच्या फ्रेमपुरती असते आणि क्लायंटच्या फ्रेमला तिचा उपयोग नाही.

जे काम फ्रेम प्रत्यक्ष समोर आल्यावरच करता येते, उदाहरणार्थ देवनागरीसाठी वेगळा फाँट नेमणे किंवा पडद्याच्या घनतेनुसार आकार ठरवणे, त्यासाठी ‘सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक’ आहे; हुक म्हणजे ठराविक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या फंक्शनांची यादी. हे हुक २०२० मध्ये आलेल्या २७व्या आवृत्तीपासून मिळते. त्याआधीचे ‘आफ्टर-मेक-फ्रेम-फंक्शन्स’ अजूनही चालते. मात्र त्यातील फंक्शनला नवी फ्रेम आर्ग्युमेंट म्हणून मिळते आणि ती तेव्हा निवडलेली असेलच असे नाही, त्यामुळे आत लिहिताना तीच फ्रेम स्पष्टपणे वापरावी लागते.

आणखी एक बारकावा. टर्मिनलमध्ये ‘-टी’ने उघडलेल्या फ्रेमसाठीही हे हुक चालते. पडदा चित्रमय आहे की नाही हे विचारण्याची योग्य जागा हीच आहे.

प्रतिसाद : निरंतर

दोन पडद्यांच्या अडचणीकडे वळतो, कारण माझ्या मते डीमन वापरणाऱ्याने सर्वाधिक वेळ याच विषयाला द्यायला हवा.

एखादे फंक्शन जेव्हा बफर ‘दाखव’ असे म्हणते, तेव्हा तो बफर आधीच कुठे दिसतो आहे का हे इमॅक्स साधारणपणे चालू फ्रेमपुरतेच तपासतो. दुसऱ्या फ्रेमकडे पाहण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. ‘डिस्प्ले-बफर-अॅलिस्ट’मध्ये कंपाइलेशनच्या बफरासाठी नियम लिहावा. आधी तो बफर दाखवणारी विंडो शोधावी, न सापडल्यास खाली नवी काढावी, आणि शोध घेताना ‘रीयुजेबल-फ्रेम्स’चे मूल्य ‘व्हिजिबल’ असावे. मग त्याच टर्मिनलवरच्या (इमॅक्सच्या भाषेत, डीमनशी झालेल्या त्याच जोडणीवरच्या) सर्व दृश्य फ्रेम तपासल्या जातात. मूल्य शून्य दिले तर लहान करून ठेवलेल्या फ्रेमही धरल्या जातात, आणि ‘टी’ दिले तर सरसकट सर्व. शेवटचे मूल्य मी कधीच सुचवणार नाही. डीमनला दूरच्या यंत्रावरून टर्मिनलने जोडलेली एखादी फ्रेम असू शकते, आणि तिच्यात बफर दिसतो आहे असे मानून इमॅक्स समाधानी राहिला तर तुमच्यासमोर काहीच येणार नाही.

दुसऱ्या फ्रेममध्ये बफर सापडला की इमॅक्स ती फ्रेम वर आणू पाहतो. कंपाइलेशनसारख्या, केवळ नजरेच्या कोपऱ्यातून पाहायच्या मजकुरासाठी हे त्रासदायक ठरते. त्याच नियमात ‘इनहिबिट-स्विच-फ्रेम’ चालू करावे. मजकूर तिथे अद्ययावत होत राहतो आणि तुमची फ्रेम आहे तिथेच राहते.

एक बाब विसरू नये. इमॅक्सला कार्यक्षेत्र (वर्कस्पेस) ही संकल्पना ठाऊक नाही. तुमचा खिडकी-व्यवस्थापक चार-पाच कार्यक्षेत्रांत फ्रेम वाटून ठेवतो, हे इमॅक्सला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने त्या सर्व एकाच टर्मिनलवरच्या फ्रेम असतात. यावरून पुढचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो अर्धवट ठेवून चालत नाही. एकतर फ्रेमांची रचना पूर्णपणे खिडकी-व्यवस्थापकाकडे सोपवावी, प्रत्येक फ्रेममध्ये एक-दोनच विंडो ठेवाव्यात, आणि नव्या बफरासाठी नवी फ्रेम निघू द्यावी. नाहीतर प्रत्येक कार्यक्षेत्रावर एकच मोठी फ्रेम ठेवून तिच्या आतली रचना पूर्णपणे इमॅक्सकडे द्यावी. आयथ्री किंवा स्वे यांसारखा, खिडक्या आपणहून शेजारीशेजारी बसवणारा व्यवस्थापक वापरणाऱ्यांना पहिला मार्ग आकर्षक वाटतो. मी दुसरा निवडला आहे, कारण मॅजिट (इमॅक्समधून गिट वापरण्याचे पॅकेज), डीबगर आणि मदतीचे बफर हे सर्व फ्रेमच्या आत जागा शोधतात असे गृहीत धरूनच लिहिलेले आहेत, आणि पहिल्या मार्गात त्या प्रत्येकासाठी अपवाद लिहीत बसावे लागते.

पहिला मार्ग घेणाऱ्यांनी ‘फ्रेम-ऑटो-हाइड-फंक्शन’ अवश्य पाहावे. एखाद्या बफरासाठीच निघालेली फ्रेम ‘क्यू’ दाबून सोडली की इमॅक्स ती मूळ सेटिंगनुसार लहान करून ठेवतो, मिटवत नाही. लहान करणे ही कल्पनाच नसलेल्या व्यवस्थापकात अशा फ्रेम मागे साचत जातात. तिथे ‘डिलीट-फ्रेम’ नेमावे.

प्रतिसाद : अक्षरवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वारशाने जाणाऱ्या खुणेचे स्पष्टीकरण वाचल्यावर फ्रेमांचे सारे वर्तन उलगडले. गिटसाठी एकटा ‘-सी’ आणि कामाच्या फ्रेमसाठी ‘-एन -सी’ अशी विभागणी केली आहे. कंपाइलेशनचा नियमही लावला आणि तो अपेक्षेप्रमाणे चालतो.

दोन प्रश्न उरतात. गिटची फ्रेम पडद्याच्या मध्यभागी, लहान आणि तरंगती हवी आहे. खिडकी-व्यवस्थापकाला ती इतर फ्रेमांतून ओळखता कशी येईल? आणि उघडी फ्रेम असेल तर तीच पुढे यावी, नसेल तरच नवी निघावी, यासाठी मी फ्रेमांच्या यादीची लांबी मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, पण तिच्या मते एकही फ्रेम उघडी नसतानाही एक फ्रेम असतेच. असे का व्हावे?

प्रतिसाद : सूत्रपाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. डीमनकडे आरंभापासून एक फ्रेम असते, तिचे नाव एफ१. ती कोणत्याही पडद्यावर नसते, पण फ्रेमांच्या यादीत तिची गणना होते. म्हणूनच शेवटची दिसणारी फ्रेमही डीमनमध्ये निर्धास्तपणे मिटवता येते. एकट्या इमॅक्समध्ये तीच आज्ञा नकार देते. यादीवरून फिरणारे कोणतेही फंक्शन लिहिताना ही अदृश्य फ्रेम वगळावी, नाहीतर तिच्यावर फाँट लावण्याचा किंवा तिला पुढे आणण्याचा प्रयत्न होतो. तुमच्या स्क्रिप्टची गरज मात्र आता उरलेली नाही. २०२२ मधील २८व्या आवृत्तीपासून इमॅक्सक्लायंटला ‘-आर’ हा पर्याय आहे, आणि त्याचे काम नेमके हेच आहे.

ओळखीसाठी फ्रेमला जन्मतःच नाव द्यावे. कॅपिटल एफ हा पर्याय फ्रेमच्या गुणांची यादी घेतो. त्यात नाव, रुंदी आणि उंची देता येतात. नाव दिले की शीर्षक तेच राहते, बफर बदलला तरी बदलत नाही. मग खिडकी-व्यवस्थापकात ‘या शीर्षकाची खिडकी तरंगती ठेव’ असा एक नियम पुरतो. वर्गनामावर नियम लावून उपयोग नाही, कारण डीमनच्या सर्व फ्रेमांचे वर्गनाम एकच असते. वेलँडवर (लिनक्सवरील नव्या पडदा-व्यवस्थेवर) रुंदी-उंची इमॅक्सने सुचवता येते, पण फ्रेम कुठे बसवायची हे तिथे पूर्णपणे व्यवस्थापकाच्या हाती असते. स्थानाचे आकडे फ्रेमच्या गुणांत लिहून काही साधत नाही.

प्रतिसाद : दूरस्थ

मला थोडा वेगळा मार्ग सुचवायचा आहे. कार्यालयीन काम, टिपणे आणि पत्रव्यवहार यांसाठी मी वेगवेगळे डीमन चालवतो. सुरू करताना प्रत्येकाला नाव द्यायचे आणि क्लायंटला ‘-एस’ पर्यायातून तेच नाव सांगायचे. बफर मिसळत नाहीत, आणि एका डीमनमधील जड काम दुसऱ्याला थोपवत नाही. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण डीमन ही एकच प्रक्रिया असते. तिच्यातल्या एखाद्या फंक्शनने बराच वेळ घेतला की सर्व फ्रेम एकाच वेळी गोठतात. याहून चकवणारा प्रकारही आहे. एका टर्मिनलवर मिनीबफरमध्ये (फ्रेमच्या तळाच्या प्रश्नोत्तरांच्या ओळीत) प्रश्न अर्धवट सोडून उठलात, तर दुसऱ्या टर्मिनलवरच्या फ्रेममधली कळ इमॅक्स ऐकत नाही असे घडू शकते. दुसऱ्या यंत्रावरून जोडल्यावर कळफलक मृत वाटला, तर बहुधा पहिल्या ठिकाणी एखादा प्रश्न उत्तराची वाट पाहत असतो.

प्रतिसाद : निरंतर

अनेक डीमन ठेवण्याला माझा विरोध आहे, आणि तो तत्त्वाचा आहे. एकच फाइल दोन डीमनांत उघडली गेली की एकच बफर हा डीमनचा सर्वांत मोठा लाभ गमावला जातो. फाइल दुसरीकडे वापरात असल्याची, म्हणजे कुलपाची, सूचना येते आणि कोणती प्रत खरी हे तपासत बसावे लागते. टिपणे तर कामाच्या मधोमधच सुचतात, त्यामुळे त्यांचा डीमन वेगळा ठेवणे मला गैरसोयीचे वाटते. पत्रव्यवहार मात्र वेगळा ठेवण्यास माझी हरकत नाही. मेल आणण्याचे काम खरोखर प्रक्रिया अडवून धरू शकते आणि त्या फाइली इतरत्र उघडाव्या लागत नाहीत.

प्रतिसाद : कळफलक

एक सावधानतेची सूचना, जी या विषयात वगळता येणार नाही. एक्स ११ (लिनक्सवरील जुनी पडदा-व्यवस्था) वर जीटीके या खिडक्या रेखाटणाऱ्या टूलकिटसह बांधलेला इमॅक्स डीमन म्हणून चालत असेल आणि पडद्याशी असलेली जोडणी अकस्मात तुटली, तर संपूर्ण डीमन कोसळू शकतो, आणि जतन न केलेल्या बफरांसह कोसळतो. हा जीटीकेमधील जुना दोष आहे. इमॅक्स स्वतःच तसा इशारा देतो आणि ल्युसिड टूलकिटसह बांधलेल्या इमॅक्समध्ये हा प्रश्न नसल्याचेही सांगतो. एसएसएचवरून (दूरच्या यंत्राशी केलेल्या सुरक्षित जोडणीवरून) पडदा पुढे पाठवून फ्रेम उघडणाऱ्यांनी ल्युसिडचीच बांधणी वापरावी. त्याहून चांगले म्हणजे दूरच्या यंत्रावर ‘-टी’ने टर्मिनल-फ्रेम उघडावी; जोडणी तुटली तरी डीमन आणि बफर जागेवर राहतात.

सेवा थांबवतानाही तशीच काळजी घ्यावी. सिस्टिमडीला सेवा थांबवायला सांगितले की जतन न केलेल्या बदलांविषयी विचारणा होत नाही, कारण विचारायला समोर फ्रेम असेलच असे नाही. आधी एक फ्रेम उघडून तिच्यातून ‘सेव्ह-बफर्स-किल-इमॅक्स’ ही आज्ञा द्यावी. प्रश्न डोळ्यांसमोर येतात आणि मगच डीमन संपतो.

प्रतिसाद : दूरस्थ

तुलनेसाठी एक निरीक्षण. निओव्हिम हा दुसरा मजकूर-संपादकही विनापडदा चालवून त्याला बाहेरून एकाहून अधिक दर्शनी प्रोग्राम जोडता येतात. मात्र तिथे सर्वांना एकच मांडणी दिसते आणि तिचा आकार सर्वांत लहान पडद्याला जुळवला जातो. प्रत्येक फ्रेमची मांडणी स्वतंत्र राहणे ही इमॅक्सची सोय आहे. २००९ मध्ये २३व्या आवृत्तीत डीमन आणि अनेक टर्मिनलांची सोय एकत्र आली, तेव्हापासून ती मिळते.

प्रतिसाद : अक्षरवेल

तरंगती फ्रेम जमली. गिटच्या संपादकात नाव आणि आकार देऊन टाकले आणि व्यवस्थापकात एक ओळ लिहिली. आता एकच बाब मागे उरते: फ्रेम मिटल्यावर हरवणारी मांडणी. इमॅक्सची डेस्कटॉप (उघड्या फाइली आणि फ्रेम) जतन करण्याची सोय चालू करून पाहिली, पण डीमनमध्ये फाइली परत येतात आणि फ्रेमांचा आकार व स्थान मात्र येत नाही.

प्रतिसाद : सूत्रपाठ

त्याचेही कारण कळफलक यांनी सांगितलेलेच आहे. डीमन डेस्कटॉपची फाइल वाचतो तेव्हा चित्रमय फ्रेम नसते, त्यामुळे आकार आणि स्थान लावायला जागाच नसते. ‘डेस्कटॉप-रीड’ ही आज्ञा सुरुवातीला न देता ‘सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक’मधून, पहिला क्लायंट जोडला जाईल तेव्हा, एकदाच चालवावी आणि लगेच हुकमधून काढून टाकावी, नाहीतर प्रत्येक नव्या फ्रेमबरोबर तीच फाइल पुन्हा वाचली जाईल. डेस्कटॉपच्या फाइलला कुलूप आढळले तर डीमन विचारू शकत नाही आणि ती वाचण्याचे टाळतो, हेही लक्षात ठेवावे.

दिवसातल्या दिवसात चुकून मिटलेल्या फ्रेमसाठी मात्र एवढा खटाटोप नको. २०२३ मधील २९व्या आवृत्तीत ‘अनडिलीट-फ्रेम-मोड’ आला आहे. तो चालू असेल तर कंट्रोल-एक्स ५ यू दाबताच शेवटची मिटलेली फ्रेम तिच्या विंडोंसह परत येते, आणि अशा अलीकडच्या १६ फ्रेम लक्षात ठेवल्या जातात. माझा सल्ला असा की कामाची मुख्य फ्रेम मुळात मिटवूच नये. तिच्यात प्रत्येक प्रकल्पाला टॅब-बारचा एक टॅब द्यावा. टॅब बदलला की विंडोंची अख्खी मांडणी बदलते आणि परतल्यावर जशीच्या तशी सापडते.

प्रतिसाद : अक्षरवेल

टॅबची सूचना मनापासून पटली. प्रत्येक पडद्यावर एक कायमची फ्रेम, आत प्रकल्पागणिक टॅब, आणि गिटसाठी तेवढी अल्पायुषी फ्रेम, असे आता ठरवले आहे. पत्रव्यवहाराचा डीमन निरंतर यांच्या सांगण्याप्रमाणे वेगळा करून पाहतो. दूरच्या यंत्रावर अजून जीटीकेचीच बांधणी आहे. ती बदलेपर्यंत तिथे ‘-टी’वरच काम करेन.